समुद्र पश्चिमेला आहे

शनिवारी पहाटे पाच वाजता सविता चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली पार्किंगमध्ये बघत होती. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, गुडघ्याच्या जरा खाली येणारी पँट, हातात थर्मास. मागे आठ वर्षांची प्रांजल कमरेला फुगवलेली रबरी रिंग घालून दारातून बाहेर पडायचा सराव करत होती. रिंगसकट ती दारात अडकत होती.

"अहो," सविता म्हणाली, "आपल्या जागेवर गाडी दिसत नाही."

आत विश्वजीत बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली नाडी त्याने सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. अकरा वर्षांच्या संसारात सविताला हे लक्षण पाठ झालं होतं.

"गाडी कुठं आहे?"

"हाय की. दौंडला हाय."

"तुम्ही तर सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणालात!"

"इंद्रजीतला मुलगी बघायला जायचं व्हतं गं. सख्ख्या आत्याचा पोरगा, त्याला न्हाई कसं म्हणायचं? मंगळवारी दोन तासांसाठी नेली."

"आज शनिवार आहे."

"काल संध्याकाळी आणून देतो म्हणला व्हता," विश्वजीत म्हणाला.

सविता हडपसरच्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये होती. ही दोन दिवसांची सुट्टी मिळवायला तिने मैत्रिणीच्या तीन रविवारच्या पाळ्या केल्या होत्या. दिवेआगरला जायचं हे लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरलं होतं. तेव्हा उसाला तोड आली. पुढे एकदा सोसायटीच्या निवडणुकीत सासऱ्यांचं पॅनेल उभं राहिलं, एकदा म्हैस व्यायली. या वेळी ऊस तुटून गेला होता, पॅनेल पडलं होतं आणि म्हैस विकली होती. आता काही आडवं येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

"भाड्याची गाडी करू," ती म्हणाली.

"घरची गाडी असताना? लोकं हसतील. ही डेमू धरली की तास-दीड तासात दौंड. गाडीत बसलं की सुटलो, थेट ताम्हिणी."

"समुद्र कुठल्या दिशेला आहे?"

"पश्चिमेला."

"आणि दौंड?"

विश्वजीतने पुन्हा नाडी सोडली.

डेमूत रिंग वरच्या फळीवर मावेना, म्हणून ती प्रांजलच्या कमरेलाच राहिली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने बराच वेळ टोपी, रिंग आणि थर्मास पाहून घेतला आणि सहानुभूतीने विचारलं, "व्हय, भीमेला एवढं पाणी आलंय का?" सविताने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाहेर सूर्य उगवत होता, तोही बरोबर समोर.

दौंडला मुक्ताआत्याच्या अंगणात पोचले तेव्हा आठ वाजले होते. अंगणात एक तुळस होती, एक स्कूटर होती. गाडी नव्हती.

"गाडी?" आत्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "ती दादा घिऊन गेला की काल. म्हणला, पोरगं कशाला पुण्याला हेलपाटा घालतंय, मी न्हावऱ्याला नेतो, विशू दर रविवारी येतोयच तिकडं. तवा बसा, पोहे टाकते."

दादा म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ हौसराव, विश्वजीतचे वडील, घरातले आबा. ते न्हावऱ्याला राहत. सत्तरी ओलांडली होती, तरी मोटार स्वतः चालवत, आणि ती तिसऱ्या गिअरच्या वर गेली तर बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं.

"तुम्ही आबांना सांगितलं नव्हतं, आपण समुद्रावर निघालोय म्हणून?" सविताने दबक्या आवाजात विचारलं.

"सांगितलं असतं तर म्हणलं असते, आत्याला पण न्या. मग आत्या म्हणली असती, शेजारच्या काकूला न्या." विश्वजीतही दबकत बोलला. "तुझ्यासाठीच न्हाई सांगितलं."

आतून आत्यांनी विचारलं, "विशू, टोपी घालून कुठं निघालीय रं सूनबाई?"

"उनाचा त्रास हाय तिला, आत्या."

एवढ्यात विश्वजीतचा फोन वाजला. दिवेआगरच्या ज्या घरात खोली घेतली होती, तिथल्या काकू होत्या. "निघालात ना वेळेवर? ताम्हिणीत धुकं आहे का हो?"

विश्वजीतने आत्यांच्या चुलीच्या धुराकडे पाहिलं. "हाय की. लई हाय. समोरचं काय दिसंना."

"मग सावकाश या. मी जेवायला धरते तुम्हाला."

सविता त्याच्याकडे बघत राहिली. रागावलेल्या माणसाला आग्रहाखातर दोन बश्या पोहे खावे लागणं हा एक वेगळाच अपमान आहे. तो तिने घास घास करून गिळला.

दौंडहून चौफुला, चौफुल्याहून न्हावरे, अशा दोन गाड्या बदलत ते निघाले. वाटेत विश्वजीतने आबांना अकरा वेळा फोन लावला. आबांनी उचलला नाही. त्याचं कारण न्हावऱ्याला घरासमोर उभं राहिल्यावर समजलं. दाराला कुलूप होतं. विश्वजीतने बाराव्यांदा फोन लावला, आणि तो आत खिडकीपाशी, चार्जिंगला लावलेला, मोठ्या आवाजात हरिपाठ म्हणू लागला.

समोरच्या ओट्यावरून शेजारचे रखमाजी ओरडले, "आबा न्हाईत रं! सकाळधरनं वाजतोय त्यो. आमचा आज दोनदा हरिपाठ झाला."

"आन् गाडी?"

"ती घिऊनच शिरूरला गेल्यात. सिद्दीकच्या पोरीचं लगीन हाय न्हवं आज? नवरा-नवरीसाठी ठरवलेली गाडी सकाळी बंद पडली. सिद्दीकचा फोन आला, आबा म्हणलं, आपली हाय की!"

"आपली," सविता म्हणाली. एवढा एकच शब्द. पण विश्वजीत दोन पावलं मागे सरला.

सिद्दीकचाचा हे आबांचे चाळीस वर्षांपासूनचे दोस्त. शिरूरला त्यांचं मोटारीच्या सीटा शिवायचं दुकान होतं. ते सगळं सविताला माहीत होतं आणि एरवी कौतुकाचंही वाटायचं. आता तिला कशाचंच कौतुक उरलं नव्हतं.

"मी इथून पुण्याला परत जाते," ती म्हणाली.

"अगं, पण पुण्याची एसटी शिरूरवरनंच मिळंल. म्हंजी वाटेतच हाय. किल्ली घ्यायची, निघायचं. पाच मिनिटं."

सकाळपासून प्रत्येक गोष्ट वाटेतच होती. समुद्र तेवढा नव्हता.

शिरूरला लग्नाच्या लॉनसमोर त्यांना गाडी सापडली. आधी ओळखूच आली नाही. टपावर गुलाबांची जाळी होती, बॉनेटवर निशिगंधाचा हृदयाच्या आकाराचा गुच्छ, आरशांना जरीच्या फिती, आणि मागच्या काचेवर चंदेरी अक्षरांत "नौशाद – शायना". पाहुण्यांची चार पोरं टेकून फोटो काढत होती.

"आई!" प्रांजल टाळ्या पिटत म्हणाली. "आपल्या गाडीचं लग्न आहे!"

"तुम्ही आत जा," सविता विश्वजीतला म्हणाली. "किल्ली मागा. दुसरं काहीही बोलू नका. पाणी देतील, घेऊ नका. बसा म्हणतील, बसू नका."

"असा गेलो आन् असा आलो," विश्वजीत म्हणाला आणि मांडवात शिरला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. दुपारचा एक वाजला होता. टोपी काढावी तर ऊन, ठेवावी तर येणारा-जाणारा बघतोय. पंचविसाव्या मिनिटाला सविताने प्रांजलचा हात धरला, थर्मास काखेत मारला आणि ती मांडवात घुसली. समोरच पंगत बसली होती. पंगतीत शर्टाच्या बाह्या सारून, कानामागे अत्तराचा फाया लावून विश्वजीत बिर्याणीची बादली घेऊन फिरत होता.

"घ्या मामा, घ्या, लाजू नका. अरे, इकडं रायता आणा रं!"

"विश्वजीत!" सविताने अकरा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारली. "किल्ली आणायला गेला होतात की वाढपी म्हणून लागलात?"

विश्वजीतच्या हातातला झारा बादलीत पडला. तो काही बोलणार, तेवढ्यात पांढरा फेटा बांधलेले आबा लगबगीने आले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"सूनबाई! तू बी आलीस! आन् पोरीला बी आणलंस!" त्यांनी मागे वळून हाक दिली. "सिद्दीक, ए सिद्दीक! बघ, मी म्हणलं न्हवतं का? पोराला सांगायचं राहिलं तरी त्यो येणार! अरं, रक्त हाय!"

सिद्दीकचाचा आले. त्यांचे डोळे सकाळपासून रडून सुजले होते. ते सविताला म्हणाले, "बेटा, पुण्यावरनं एवढ्या लांब आलीस. शायनाला लई बरं वाटंल." आणि त्यांच्या बायकोने, हुसेनबीचाचींनी, सविताच्या टोपीकडे, पँटकडे, थर्मासकडे एकदाच पाहिलं, एका अक्षराने काही विचारलं नाही, स्वतःच्या खांद्यावरची हिरवी ओढणी काढून तिच्या अंगावर घातली आणि म्हणाल्या, "चल पोरी, आधी जेव. तोंड कसं सुकलंय."

सविताचा राग त्या मांडवात फिरफिर फिरला. ज्याच्यावर निघावा असं माणूसच त्याला सापडेना. ज्याच्यावर काढायचा तो पुन्हा बादली उचलून पुढच्या पंगतीला गेला होता.

ती जेवायला बसली तोच फोन. दिवेआगरच्या काकू. "माणगाव गेलं का हो? सुरमई तळू की कालवण करू?"

सविताने पानातल्या बिर्याणीकडे पाहिलं आणि फोन बंद करून पालथा ठेवला. तिला रडू येत होतं, पण तिथे रडली असती तर सगळ्यांना वाटलं असतं नवरीसाठी रडतेय, आणि तेही तिला नको होतं.

निकाह झाला, जेवणं झाली, फोटो झाले. चार वाजता नवरीची पाठवणी निघाली. नवरदेवाकडची मंडळी कंपनीच्या बसने पुढे गेली. नवरदेव नौशाद मूळचा बीडकडचा, सणसवाडीच्या कारखान्यात फिटर, तिथेच खोली करून राहणारा. आबांनी किल्ली खिशातून काढली, आणि सविताने हात पुढे केला. आबांनी ती तिच्या हातावरून नेऊन विश्वजीतच्या हातात ठेवली.

"विशू, तू आलायस ते बरं झालं. सणसवाडीपातूर पोरांना तूच सोड. मला त्या शिक्रापूरच्या गर्दीत क्लच झेपत न्हाई. तुमच्या वाटेतच हाय."

"बरं, आबा," विश्वजीत म्हणाला.

गाडीत मागे नवरा-नवरी बसली आणि त्यांच्या मधोमध, रिंगसकट, प्रांजल. शायना आईच्या गळ्यात पडून जी रडत होती ती गाडीत बसल्यावरही रडतच होती. नौशाद तिला पाण्याची बाटली द्यायचा प्रयत्न करत होता, पण मधल्या रिंगेमुळे हात पोचत नव्हता.

रांजणगाव मागे पडलं. मग ती बोलायला लागली. हळू, समोर बघत, दात आवळून.

"सगळे म्हणतात, विश्वजीतला कुणाला नाही म्हणता येत नाही. देवमाणूस आहे. मीही अकरा वर्षं तेच म्हणत होते."

"सविता, मागं पाव्हणं हायती."

"असू देत. मला सांगा, माझ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, तेव्हा काय म्हणालात? नाही जमणार. प्रांजलच्या शाळेत नाच होता, तेव्हा? नाही जमणार. मी म्हटलं, मला स्कूटर शिकायचीय, रविवारी तासभर थांबा. नाही जमणार. कोण म्हणतं तुम्हाला नाही म्हणता येत नाही? झकास येतं. तुमच्याकडं पोतंभर 'नाही' आहेत. फक्त ते सगळे घरात वापरायला ठेवलेत. गावाला एक देत नाही त्यातला!"

विश्वजीतने हॉर्न वाजवला. पुढे कुणीच नव्हतं.

मागचं रडणं थांबलं होतं. शायनाने घुंगट जरासा वर केला होता आणि ती कान देऊन ऐकत होती.

तेवढ्यात नौशादचा फोन वाजला. "जी मामू... हां मामू... जी, आते हैं." त्याने फोन कानापासून खाली घेतला आणि चाचरत म्हणाला, "भाऊ, जरा शिक्रापूरला चाकणच्या रोडनं आत घेता का? मामू म्हणतात, त्यांच्या मालकाला सलाम करून जा. दोन मिनिटाचं काम. वाटेतच हाय."

विश्वजीतने सवयीने उजव्या बाजूचा इंडिकेटर लावला.

"फोन द्या इकडं," शायना म्हणाली.

"अगं, मामू अजून लाइनवर—"

तिने रिंगेवरून हात लांब करून फोन घेतला. मेंदी लागलेल्या हाताने तो कानाला लावला आणि अतिशय अदबीने म्हणाली, "मामू, अस्सलामु अलैकुम. मैं शायना. आज हम नहीं आ सकेंगे. थक गए हैं. फिर कभी जरूर आएंगे. खुदा हाफिज." फोन बंद करून तिने तो नौशादच्या मांडीवर ठेवला आणि घुंगट पुन्हा खाली ओढला.

आरशात विश्वजीतचे डोळे मोठे झाले होते. आभाळ कोसळलं नव्हतं. मामूंनी परत फोनही केला नाही. थोड्या वेळाने त्याने इंडिकेटर बंद केला.

"वहिनी," घुंगटाआडून शायना म्हणाली, "तुम्ही बोला ना पुढं. मी ऐकतेय. ह्यांना बी ऐकू दे."

पण सविताचं बोलायचं आता काही राहिलं नव्हतं. तिने फोन चालू केला आणि दिवेआगरला लावला. "काकू, खरं सांगते. आम्ही ताम्हिणीत नाही. सकाळपासून दौंड, न्हावरे आणि शिरूर केलं. आता शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये एका नवरीबरोबर बसलेय. आमची सुरमई दुसऱ्या कुणाला तरी वाढा."

पलीकडे काकू हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, मग समुद्र काय उठून जातोय का कुठं? उद्या या. फक्त खरंच निघाल्यावर फोन करा."

सणसवाडीला पोचायला सहा वाजले. चाळीतल्या बायकांनी शायनाला उतरवून घेतलं आणि चार माणसांनी विश्वजीतला घेरलं. "भैया, खाना खाए बगैर कैसे जाओगे?" कुणीतरी त्याचा हात धरला, कुणी खुर्ची आणली. विश्वजीतचं तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार हे सविताला ऐकायची गरज नव्हती. तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली, ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि सीट पुढे ओढली. मोटार ती लग्नाआधीच शिकली होती, स्कूटर तेवढी राहिली होती.

"प्रांजल आणि मी घरी निघालोय," ती म्हणाली. "आणि पहाटे समुद्रावर. ज्यांना यायचंय त्यांनी बसावं."

विश्वजीतने खुर्चीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. गाडी हलली. मग तो पळत सुटला आणि पुढच्या सिग्नलपाशी दार उघडून आत बसला.

वाघोलीची गर्दी पार झाली. नंतर तो एकदाच म्हणाला, "आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी चुकलो." सविता म्हणाली, "हो." एवढंच.

रविवारी सकाळी दहाला गाडी दिवेआगरला पोचली. जाळीतले गुलाब ताम्हिणीच्या वाऱ्याने अर्धे उडाले होते. काकूंनी मागची काच वाचली, विश्वजीतकडे आणि प्रांजलकडे पाहिलं, आणि शहाण्या बाईसारखं काही विचारलं नाही.

अकरा वाजता सविता गुडघाभर पाण्यात उभी होती. राग अजून होताच. एवढ्या वर्षांचा राग काही एका लाटेने जाणारा नव्हता. दुपारी जेवून परत फिरायचं होतं, म्हणजे जेमतेम चार तास हातात होते, आणि त्याचाही तिला वेगळा राग होता. पण पायाखालची वाळू सरकत होती, प्रांजल रिंगेत बसून किंचाळत होती, आणि पाणी ती समजत होती त्यापेक्षा पुष्कळच जास्त होतं.

शेजारी पँट दुमडून उभ्या असलेल्या विश्वजीतचा फोन वाजला. आबा होते. लाटांच्या आवाजात त्याने स्पीकर लावला.

"विशू, गाडी उद्या लागंल रं! रखमाजीच्या मेव्हण्याला पाबळला जायाचंय. सकाळच्याला लावून दे."

विश्वजीतने सविताकडे पाहिलं. ती मुद्दाम लांब, एका होडीकडे बघत होती. त्याने एक मोठा श्वास घेतला.

"न्हाई, आबा."

"आं?"

"न्हाई म्हणलं. गाडी न्हाई मिळायची."

"हॅलो? काय म्हणतोस? हॅलो!" फोन कटला. लगेच पुन्हा आला. विश्वजीतने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पुन्हा कटला. तिसऱ्या वेळी तो इतक्या मोठ्याने "न्हाई!" म्हणाला की किनाऱ्यावरचा घोडेवाला दचकून थांबला.

मग सविताचा फोन वाजला.

"सूनबाई," आबा काळजीने म्हणाले, "विशूचा फोन बिघडलाय वाटतं गं. कितीदा बी लावला तरी नुसतं न्हाई, न्हाई असंच ऐकू येतंय."

सविताने नवऱ्याकडे पाहिलं. तो कंबरेपर्यंत भिजला होता आणि घाट चढून आल्यासारखा धापा टाकत होता.

"बिघडला नाही, आबा," ती म्हणाली. "आत्ताच दुरुस्त झालाय."